भिंगरीचा डावा पाय

भिंगरीला हे नाव तिच्या सासूने दिलं. नवी सून ताटातला घास एका जागी बसून संपवेल ही आशा त्या माउलीने तिसऱ्याच दिवशी सोडली आणि चौथ्या दिवशी शेजारणीला सांगितलं, "आमच्याकडे सून नाही आली बाई, भिंगरी आलीय." पुढे ती सूतगिरणीत लागली. पाय थांबू न देणाऱ्या बाईला पाय थांबू न देणारं काम मिळालं, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. सासू गेली, नाव राहिलं. खात्यातल्या पोरी तिला भिंगरीमावशी म्हणतात, आणि तोंडावरच म्हणतात, कारण पाठीमागे काही बोलावं एवढा वेळ ती कुणाकडे पाठ करून उभीच राहत नाही.

काम असं. लांबच लांब हॉलमध्ये सूत कातणारे साचे ओळीने उभे. एकेक साचा पन्नास पावलं लांब, त्यावर शेकडो बॉबिनी गरागरा फिरतात आणि त्यांच्यावर सूत चढत जातं. मध्येच कुठेतरी धागा तुटतो. तो नजरेने टिपायचा, दोन बोटांत धरायचा, झटक्यात सांधायचा आणि चालू पडायचं. एका साच्याभोवती फेरी झाली की पुढच्याभोवती. आवाज इतका, की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी अर्धं बोलणं हवेत जातं. म्हणून तिथल्या बाया हातांनी बोलतात. भूक लागली, साहेब येतोय, तुझ्या सुनेचं काय झालं, सगळं हातांनी. भिंगरीला तर हातांनी टोमणेसुद्धा मारता यायचे.

शिवाय एक नियम होता. नऊ वर्षांपूर्वी दोन बाया साच्याच्या टोकाशी समोरासमोर आपटल्या आणि एकीचा दात पडला. तेव्हापासून फरशीवर पिवळे बाण रंगवलेले. साचा कायम डाव्या हाताला ठेवायचा, म्हणजे टोकाशी वळायचं तेही डावीकडेच. डाव्या पायाच्या चवड्यावर गिरकी घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. सगळ्या तशाच वळायच्या. दात पडायचे थांबले, विषय संपला. नऊ वर्षांत त्या बाणांकडे कुणी पुन्हा मान वळवून पाहिलं नाही.

मग एका सोमवारी खातेप्रमुखाने सांगितलं की आजपासून प्रत्येकीकडे चारऐवजी सहा साचे. हा गृहस्थ वाईट होता असं नाही. चांगला आहे असं म्हणायची संधी मात्र त्याने कधी कुणाला दिली नाही. बूट चकचकीत, काखेत फाइल, आणि हॉलच्या दारातून चार पावलं आत आला की त्याला परत बाहेर जायचं काम आठवायचं. "दोनच तर वाढलेत," तो म्हणाला. दोनच. ज्याला स्वतः फिरायचं नसतं त्याच्या तोंडात हा "च" फार सहज येतो.

भिंगरीने कुरकुर केली नाही. उलट पोरींना हातांनी सांगितलं, चला, पाय हलवा. तिला स्वतःच्या पायांचा अभिमान होता, आणि तो अभिमानच तिला पुढे भोवला.

तिसऱ्या आठवड्यात डावा पाय दुखायला लागला. आधी शेवटच्या तासाला, मग जेवणाच्या सुट्टीनंतर, मग सकाळी गेटातून आत आल्यापासून. घरी पाय वर करून पडलं की दुखणं गुमान बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी चार फेऱ्या झाल्या की पुन्हा डोकं वर काढायचं. भिंगरीने ठरवलं की हा थकवा आहे. थकव्यावर गिरणीतल्या बायांचा एक हुकमी इलाज होता. जेवणाच्या सुट्टीत रिकामी बॉबिन जमिनीवर आडवी ठेवायची, तिच्यावर तळवा टेकवायचा आणि अंगाचा भार देऊन मागेपुढे लाटायचं. थकलेला तळवा त्याने खरंच मोकळा होतो. भिंगरीने कितीतरी नव्या पोरींना हे स्वतः बसून शिकवलं होतं.

आता ती स्वतः लाटायला लागली. दुखलं तसा जोर वाढवला. आणखी दुखलं, तसा आणखी वाढवला, कारण दुखतंय म्हणजे गुण येतोय अशी तिची पक्की समजूत. असे बारा दिवस गेले. पाऊल वरच्या अंगाने सुजलं आणि चपलेचा पट्टा रुतायला लागला.

शेजारच्या साच्यांवर गोगलगाय होती. तिच्या चालीवरून पडलेलं नाव, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. भिंगरी दोन फेऱ्या मारायची तेव्हा हिची दीड व्हायची, पण हिच्या हातून तुटका धागा कधी सुटायचा नाही. या दोघींचं वीस वर्षं कसं पटलं हे कोडंच होतं.

"पाय सुजलाय तुझा," गोगलगाय डबा उघडता उघडता म्हणाली. "डॉक्टरला दाखव."

"बॉबिन फिरवतेय ना."

"बारा दिवस फिरवतेयस. आता बॉबिन झिजायची राहिलीय."

गिरणीचा डॉक्टर गेटाशेजारच्या खोलीत बसायचा. त्याने पायाला हात न लावता एक्स-रे काढायला पाठवलं. फिल्म आल्यावर ती खिडकीकडे धरली, खाली ठेवली आणि म्हणाला, "हाड शाबूत आहे. ताण आहे जरासा. या गोळ्या घ्या आणि कामावर जा." कागदावर त्याने लिहिलं, 'दुखापत नाही.' दोनच शब्द, पण ते पुढे महिनाभर तिच्या मानगुटीवर बसले.

गोळी घेतली की पाय बधिर व्हायचा आणि भिंगरी पळायची. असे चार दिवस पळाली. पाचव्या दिवशी सकाळी सात नंबरच्या साच्याच्या टोकाशी तिने नेहमीसारखी डाव्या चवड्यावर गिरकी घेतली आणि पायातून अशी कळ गेली की ती होती तिथेच, त्या पिवळ्या बाणावर, बसली. अठ्ठावीस वर्षांत भिंगरीला कामाच्या वेळेत बसलेली कुणी पाहिली नव्हती. गोगलगायसुद्धा त्या दिवशी धावली.

सहा साच्यांवर धागे तुटायला लागले. खातेप्रमुख आला. त्याने आधी धाग्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

दुपारी त्याच्या खोलीत टेबलावर एक टाइप केलेला कागद तयार होता. 'माझ्या पायाला कोणतीही दुखापत नसताना मी काम टाळण्यासाठी खोटं कारण सांगितलं. यापुढे असं होणार नाही.' खाली सहीसाठी रेघ.

"सही करा बाई, आणि उद्यापासून कामावर या," तो म्हणाला. "मीही विसरतो, तुम्हीही विसरा. नाहीतर साचे दुसरीला द्यावे लागतील आणि महिन्याने चौकशी बसेल. खोटी दुखापत शाबित झाली तर गिरणीचं गेट बंद. डॉक्टरचा कागद माझ्याकडे आहे."

भिंगरीने मजकूर दोनदा वाचला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी अक्षरशः कळलं. नोकरी जायची भीती तिला वाटली, नाही असं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट ही होती की अठ्ठावीस वर्षं जिने एक धागा तुटका सोडून घर गाठलं नाही, तिने स्वतःच्या अक्षरात स्वतःला कामचुकार लिहून द्यायचं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "पाय माझा आहे. दुखतोय का ते मला विचारा. कागदाला काय विचारताय?"

"एक्स-रे खोटं बोलत नाही, बाई."

"मीही बोलत नाही. मग एक्स-रेवरच तेवढा विश्वास का?"

तिने पेनाला टोपण लावलं, ते कागदावर आडवं ठेवलं आणि लंगडत बाहेर पडली. ती लंगडतेय हे सगळ्या खात्याने पाहिलं, आणि तिने ते पाहू दिलं.

तिचा नवरा बसच्या गॅरेजमध्ये टायर बदलायचा. मोजकं बोलणारा माणूस. दिवसभर चाकांशी बोलून शब्द संपत असावेत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सही केली असतीस तर?"

"तर उद्या याच पायावर उभी असते, आणि वर खोटी ठरले असते. काय फायदा हो?"

"मग मोठ्या दवाखान्यात जाऊ. उद्या मी सुट्टी टाकतो," तो म्हणाला. लग्नानंतर त्याने आपणहून सुट्टी टाकायची ही तिसरी वेळ.

मोठ्या दवाखान्यातली हाडांची डॉक्टर भिंगरीच्या लेकीच्या वयाची निघाली. तिने फिल्म मागितलीच नाही. स्टूल ओढून खाली बसली, भिंगरीचं पाऊल स्वतःच्या गुडघ्यावर घेतलं आणि म्हणाली, "ताई, कुठे दुखतं ते दाखवा. पंजा नका फिरवू. एका बोटाने दाखवा."

भिंगरीने बोट ठेवलं. दुसऱ्या बोटामागे, पावलाच्या मध्यावर, नखाएवढ्या जागेवर.

डॉक्टरने आधी अंगठ्यामागचं हाड दाबलं. काही नाही. तिसऱ्यामागचं दाबलं. काही नाही. मग त्या जागेवर एक बोट टेकवून जरासा दाब दिला, आणि भिंगरीने अशी आरोळी ठोकली की बाहेरची रांग गप्प झाली. टायरवाल्याने बायकोचा आवाज बराच ऐकलेला होता, तरी तोही दचकला.

"हल्ली कामात काही बदललं का?" डॉक्टरने विचारलं. "चालणं वाढलं? नवी चप्पल? वेगळी जमीन?"

हा प्रश्न महिनाभरात तिला कुणी विचारला नव्हता. गिरणीच्या डॉक्टरनेही नाही. भिंगरीने चाराचे सहा साचे सांगितले, गोळ्या सांगितल्या, आणि शेवटी जरा अभिमानानेच बॉबिन सांगितली. बॉबिनीपाशी डॉक्टरने डोळे मिटून घेतले.

"हाडाला चीर गेलीय अशी माझी खात्री आहे, आणि तुम्ही तिच्यावर बारा दिवस लाटणं फिरवलंत."

"पण एक्स-रेत काही नाही ना?"

"सुरुवातीला नसतंच. हे हाड एका दणक्यात मोडलेलं नाही. रोज थोडा ताण पडतो, एरवी शरीर रात्रीतून डागडुजी करतं. चालणं एकदम वाढलं की डागडुजी मागे पडते. केसाएवढी चीर पडते, ती फिल्मवर येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी हाड स्वतःच ती जागा भरायला घेतं, तेव्हा तिथे जाडसर दिसतं. मोठ्या यंत्रात आजही दिसेल, पण त्याला दोन महिन्यांची रांग आहे. आणि त्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत."

भिंगरीने हे मनात आपल्या भाषेत लावून घेतलं. धागा तुटायच्या आधी विरतो. विरलेला धागा लांबून धडधाकटच दिसतो, बोटात धरला की कळतो.

उपचार ऐकून मात्र तिचा चेहरा पडला. सहा आठवडे कामावर जायचं नाही. पाऊल वाकू न देणारा कडक तळाचा बूट, घरातल्या घरातही. बॉबिन बंद, मालीश बंद. दुखणं दाबून चालायला गोळी घ्यायची नाही, कारण दुखणं हा पायाचा पहारेकरी आहे, त्याला झोपवून चोराला वाट द्यायची नाही. पाळी गेल्यावर हाडं हलकी होतात म्हणून रक्त तपासायचं, दूध आणि सकाळचं ऊन घ्यायचं. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे.

"तेव्हाही काही दिसलं नाही तर?" भिंगरीने विचारलं. चौकशी महिन्यावर होती.

"मी काय तपासलं ते मी लिहून देतेच. पण दिसेल असं मला वाटतं."

वाटतं. त्या एका शब्दावर भिंगरीला तीन आठवडे काढायचे होते.

तिचं आयुष्य पळण्यात गेलं होतं. बसणं कसं करतात हे तिला माहीतच नव्हतं. पहिल्या दिवशी ती अकरा वेळा उठली आणि अकरा वेळा स्वतःला शिव्या देत परत बसली. एरवी तिचा हट्ट सासूशी, मुकादमाशी, रांगेत घुसणाऱ्यांशी चालायचा. आता पहिल्यांदा तो स्वतःशी होता. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "अगं, जरा चालून बघ, बसून पाय आखडेल." भिंगरी म्हणाली, "आखडू दे. माझा पाय मोडलाय हे त्यांना दाखवायचंय. त्याआधी तो मला नीट सांधून घ्यायचाय." बूट तिने नहाणीत जायच्या वेळेपुरताच काढला. सकाळी दारात खुर्ची टाकून ऊन खात बसायची, आणि जाणारे-येणारे तिला बसलेली पाहून थबकायचे. तिने त्यांनाही थबकू दिलं.

एका संध्याकाळी टायरवाला दारातल्या चपला बाजूला सरकवत होता. भिंगरीची गिरणीतली जोडी हाताला लागली. सवयीने त्याने ती उलटी केली आणि तळ पाहत उभा राहिला.

"ही बघ," तो म्हणाला.

डाव्या चपलेचा तळ पुढच्या बाजूला, दुसऱ्या बोटाखाली, कागदासारखा पातळ झाला होता. उजवी जवळजवळ नवी.

"किती दिवसांची जोडी?"

"सहा महिन्यांची. गिरणीच देते."

"गाडीचा एकच टायर एकाच जागी झिजला," तो म्हणाला, "तर आम्ही टायरला दोष देत नाही. गाडी कुठे वळते ते विचारतो."

एवढं बोलून तो हात धुवायला गेला. भिंगरीने चप्पल हातात घेतली आणि साच्याच्या टोकाशी डाव्या चवड्यावर घ्यायची गिरकी मनात घेऊन पाहिली. मग म्हणाली, "सगळ्याच तिथे वळतात की."

रविवारी गोगलगाय भेटायला आली, तेव्हा भिंगरीने तिला दोन कामं दिली. पहिलं, खात्यातल्या बायांच्या जुन्या चपला गोळा करायच्या. दुसरं, जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकीला विचारायचं, पाय कुठे दुखतो ते एका बोटाने दाखव.

"एका बोटाने का?"

"थकलेली बाई सगळा तळवा दाखवते. जिचं हाड गेलंय ती एकच जागा दाखवते."

गोगलगायीने वेळ घेतला, पण काम चोख केलं. पुढच्या रविवारी ती गोणी घेऊन आली आणि दारातच ओतली. चौदा जोड्या. टायरवाल्याने त्या ओळीने लावल्या, आणि तो नेहमीचा गप्प माणूस हळूच म्हणाला, "अरे देवा." चौदाच्या चौदा डाव्या चपला त्याच जागी झिजलेल्या.

"आणि बोटाचं काय झालं?"

"बहुतेकींनी तळवा दाखवला. शिडीने बोट ठेवलं." शिडी म्हणजे शेवटच्या साच्यांवरची उंच बाई. "तुझ्यासारखंच, डाव्या पायावर. ती तीन आठवडे बॉबिन लाटतेय. बोलली नाही, कारण तुझ्यासमोर आलेल्या कागदाचं तिने ऐकलंय."

हे ऐकून भिंगरीला आधी स्वतःची लाज वाटली, कारण शिडीला बॉबिन तिनेच शिकवली होती. मग राग आला, आणि हा राग पहिल्या रागाहून मोठा होता. तोवर ती एका पायासाठी भांडत होती.

"तिला उद्याच्या उद्या त्या डॉक्टरकडे पाठव. आणि खात्यात सांग, पायाखालची बॉबिन बंद. मी सांगितलंय म्हणावं. मी चुकीचं शिकवलं होतं."

शिडी वेळेत पोचली. तिचं दुखणं लवकर कळलं म्हणून चार आठवड्यांच्या आरामावर निभावलं.

तीन आठवडे झाले त्या सकाळी भिंगरीचा दुसरा एक्स-रे निघाला. डॉक्टरने फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. भिंगरी पेटीला नाक लावून उभी होती. आयुष्यात तिने कुठल्या देवाकडे पाय मोडलेला निघू दे असं मागितलं नव्हतं, त्या दिवशी मागितलं.

डॉक्टरने काही बोलायच्या आधी भिंगरीनेच बोट ठेवलं. दुसऱ्या बोटामागच्या लांबट हाडावर मध्येच एक फुगीर, धूसर जागा होती.

"गाठ," ती म्हणाली. "सांधल्यावर राहते तशी."

"तशीच," डॉक्टर म्हणाली. "तुमचं हाड सांधतंय."

भिंगरीला रडू कोसळलं. दुखत होतं तेव्हा रडली नव्हती, कागद पुढे आला तेव्हा रडली नव्हती. पायाने साक्ष दिली याचं ते रडू होतं, आणि टायरवाल्याला त्याचं काय करायचं हे न समजून त्याने तिच्या हातात आपला तेलकट रुमाल दिला.

चौकशीच्या खोलीत तिघे होते: गिरणीचे मोठे साहेब, खातेप्रमुख आणि गिरणीचा डॉक्टर. टेबलावर तोच टाइप केलेला कागद, तीच रेघ. भिंगरी कडक बुटात खटखट करत आत आली, मागून गोगलगाय गोणी ओढत.

खातेप्रमुखाने फाइलमधून वाचून दाखवलं, दुखापत नाही, असं डॉक्टरांनी लेखी दिलेलं आहे.

भिंगरीने फिल्म गिरणीच्या डॉक्टरपुढे ठेवली. "डॉक्टरसाहेब, आता वाचा."

त्याने ती खिडकीकडे धरली. या वेळी त्याला बराच वेळ लागला. फिल्म खाली ठेवताना त्याचे कान लाल झाले होते. "चीर होती," तो म्हणाला. "मी पायाला हात लावून पाहायला हवं होतं. चूक माझी." एवढं मात्र त्याने सरळ सांगितलं, आणि ते त्याच्या खात्यावर जमा धरायला हवं.

"एखाद्या बाईच्या हाडात दोष असू शकतो," खातेप्रमुख म्हणाला. "त्याला गिरणी काय करणार?"

तेव्हा गोगलगायीने गोणी उलटी केली. चौदा जोड्या मोठ्या साहेबांच्या काचेच्या टेबलावर पडल्या. एक चप्पल पाण्याच्या ग्लासाला टेकून थांबली.

"हे काय आहे?"

"गिरणीने दिलेल्या चपला आहेत, साहेब. डाव्या बघा."

"चपला सगळ्यांच्याच झिजतात," खातेप्रमुख म्हणाला.

"मग उजव्या का झिजत नाहीत?"

भिंगरी पुढे म्हणाली, "फरशीवरचे बाण आम्हाला डाव्याच पायावर वळवतात म्हणून. आणि आता चारऐवजी सहा साच्यांभोवती." मोठ्या साहेबांनी दोन बोटांनी एक डावी चप्पल उचलली, मग दुसरी, मग तिसरी. चौथी उचलली नाही. टाइप केलेला कागद त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला. मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुम्हाला सूत निवडायच्या खोलीत बसून काम देतो. आराम पडेल. सहा साच्यांचं आणि बाणांचं आपण बघू."

"बघू म्हणजे कधी?"

"वर विचारावं लागेल."

"तुम्ही विचारा," भिंगरी म्हणाली. "पण मी बसून काम करणार नाही. माझे साचे मला परत द्या. डॉक्टर सांगतील तेवढेच फिरवीन, एकही जास्त नाही. आणि शिडीच्या पुढ्यात असा कागद आला, तर अशीच आणखी एक गोणी मी गेटावर ओतीन."

खोलीतून बाहेर पडताना चपला तिने परत नेल्या नाहीत. त्या तिथेच, काचेवर, राहिल्या.

सातव्या आठवड्यात ती कामावर आली. पायात कडक तळाचे बूट आणि खिशात डॉक्टरची चिठ्ठी: पहिले दोन आठवडे दोन साचे, मग तीन, मग चार. सहा नाही. त्या जागेवर दुखलं तर त्याच दिवशी मागे यायचं. चिठ्ठी तिने हजेरीच्या खिडकीशेजारी सगळ्यांना दिसेल अशी चिकटवली. शिडीही त्याच आठवड्यात परतली होती. वर विचारलेल्याचं उत्तर अजून खाली आलं नव्हतं. बाण होते तिथेच होते.

भिंगरी सात नंबरच्या साच्याशी जाऊन उभी राहिली. पायाखाली तो पिवळा बाण, ज्यावर ती त्या दिवशी बसली होती तोच. सगळ्या बाया तिच्याकडे पाहत होत्या. तिने दोन्ही हात वर केले आणि गिरणीच्या भाषेत, हातांनी, सांगितलं: आज सगळ्यांनी उलटं. उद्या सुलटं. परवा पुन्हा उलटं. सगळ्या एकदमच वळल्या तर कुणाचा दात पडायचा नाही.

मग गोगलगाय, जी आयुष्यात कशातही पहिली आली नव्हती, सावकाश वळली आणि बाणाच्या विरुद्ध चालू लागली. तिच्यामागे शिडी. मग ओळीच्या ओळी, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

खातेप्रमुख दारातून आत आला. चार पावलांवर थांबला नाही. या खेपेला चक्क साच्यांमध्ये शिरला, हात हलवत, ओरडत. त्याचं बोलणं त्या आवाजात विरून जात होतं. भिंगरीजवळ येऊन तो तिच्या कानाशी ओरडला, "कुणाच्या परवानगीने चाललंय हे? एक्स-रे झाला, चौकशी झाली, साचे परत मिळाले. आता तुमचं नक्की दुखतंय तरी कुठे?"

भिंगरीने साच्याचा आधार घेतला, सावकाश खाली वाकली आणि त्या पिवळ्या बाणाच्या टोकावर एक बोट ठेवलं.

मग ती सरळ झाली, उजव्या पायावर वळली आणि चालू लागली. साचा तिच्या उजव्या हाताला होता.